कॅसेट, उदगीर

नागोराव मुळे लग्नांचं शूटिंग करायचा,
म्हणून आमचं नाटकही त्यानं लग्नासारखंच काढलं:
आधी गणपती, मग कॉलेजची कमान,
मग खुर्च्यांवरची पाहुणेमंडळी, एकेक चेहरा,
प्राचार्यांच्या सौभाग्यवती तर दोनदा.
तेवढ्यात तिकडे इंग्लंडात
दोन सरदारांचं द्वंद्व ठरलं
आणि मोडलंसुद्धा.

तेवीस वर्षांनी पोरानं ती पेनड्राइव्हवर करून आणली.
बायको म्हणाली, ह्यात तुम्ही कुठंत?
म्हणलं, तो भाला दिसतो ना, त्याच्या मागं.

राजा इलियास. बी.ए. दुसरं वर्ष,
चौबाऱ्यातल्या घड्याळवाल्याचा.
मुकुट गफूरचाचांनी डालड्याच्या डब्यातून कापलेला.
सोनेरी रंग बाहेरून पुरला, आतून संपला,
त्यामुळं राजानं मान लववली की
आत ताडाचं हिरवं झाड दिसायचं.
भाषांतर सरांचं. इस्त्री केलेलं.
इलियास तालमीत ते असं म्हणायचा
जसं कुणाचं तरी उसनं धोतर सावरतोय.

चौथा अंक. दिगंबर बिरादार पुढं झाला.
त्याला राज्य घ्यायचंय, इलियासला द्यायचंय,
म्हणजे द्यायचं नाहीये, पण द्यावं लागतंय,
आणि नेमकी लाईट गेली.

स्क्रीन काळी.
खाली कोपऱ्यात पांढरे आकडे पळतायत,
९:४७:१२, ९:४७:१३.
नागोरावचा कॅमेरा बॅटरीवर होता.
शिट्ट्या. लाईटवाल्याच्या नानाची टांग.
केरबाऽ, जनरेटरची दोरी ओढ की लेका.

मग त्या काळ्यातून आवाज.
इलियासचाच, पण सरांचं एक अक्षर नाही त्यात.
घरातली बोली, अम्मीशी बोलायची:
“ले भई. उधर से तू पकड, इधर से मैं.
वजन देख कित्ता है.
रोज सर पे था, मालूमच नै पडा.”

शिट्ट्या थांबल्या. केरबाच्या हाका थांबल्या.
मी तिथंच होतो, चार हातांवर, भाला धरून.
मला पत्रा वाजलेला आठवतो,
टिण्ण, असा बारीक.
कुणी ओढला, कुणी सोडला,
हे मलाही दिसलं नाही.

नागोरावनं आपला हातातला लाईट लावला,
आणि सवयीनं, स्टेजवर नाही,
पाहुण्यांवर फिरवला.
पहिल्या रांगेत इलियासचे दादा, मौलासाब.
मांडीवर काठी, डोळे उघडे,
उजेड तोंडावर आला तरी मिटले नाहीत.
आदल्या दिवशी तालमीला चहा पिताना म्हणाले होते,
“एक बादशा हम रेडियो पे उतरते सुने.
उसके बाद रात कू घर छोडे.”
पुढं काय, हे आम्ही विचारलं नाही.
आमची एंट्री होती.

पुढं काय झालं, बायको विचारते.
पुढं लाईट आली.
दिगंबरनं मुकुट घातला, तो थेट कानांवर बसला,
लोक हसले, सरांनी कपाळाला हात लावला.
शेवटी दोन गुलाब गोल फिरत आले,
“शुभविवाह” पुसून नागोरावनं “समाप्त” टाकलेलं,
पण पुसताना एक “शु” राहून गेला.

इलियास शारजात असतो. एसी दुरुस्त करतो.
मौलासाब त्याच उन्हाळ्यात गेले.
दिगंबर एकदा झेडपीला पडला, एकदा निवडून आला.

पोरगा म्हणतो, पप्पा,
मधला काळा भाग उडवू का?
चार मिनिटं नुसता अंधारच आहे,
फाईल हलकी होईल.

रिमोट त्याच्या हातात.
मीही हात पुढं केलाय.
तिकडून त्यानं धरलाय, इकडून मी.